संकष्टीच्या दुपारी घोडेस्वारी : माझे ५०,२४५ रुपये

घोडेस्वारीच्या नावाखाली मी किती रुपयांना फसलो, तो आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी खोदून विचारायला नको. ५०,२४५ रुपये. यातला एकही रुपया कंपनीचा नाही, पाहुण्यांचा नाही, सगळे माझ्या पगाराच्या खात्यातले. आणि मी कोणी पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा समुद्र बघायला आलेला पर्यटक नव्हे. अलिबागच्या दक्षिणेला आमचं गाव, घर पुळणीपासून सात मिनिटांवर. त्यामुळे लाज दुप्पट.

आमच्या मुंबईच्या ऑफिसात सध्या दोन परदेशी कुटुंबं आली आहेत, वर्षभरासाठी. एक जर्मन जोडपं, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि एक डच जोडपं. जर्मन बाई लहानपणापासून घोड्यावर बसणाऱ्या. मुंबईजवळ समुद्राकाठी घोडेस्वारी कुठे करता येईल, असं त्यांनी जेवणाच्या टेबलावर सहज विचारलं आणि मी म्हणून गेलो, “आमच्याकडे आहे की!” तोंडाला कुलूप नाही, दुसरं काय.

खरं तर ‘आमच्याकडे’ काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. अलिबागच्या किनाऱ्यावर चक्कर मारायला घोडे असतात, ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते, काशीदला घोडे मिळतात. मुलांना बसवून फोटो काढण्यापुरतं हे ठीक आहे. पण हेल्मेट, शिकवणारा माणूस, दोन तास नीट स्वारी असं काही हवं असेल तर मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, तो १९४२ पासून हेच करतोय. नाहीतर माथेरान, तिथे मोटारगाडीला बंदी, घोडे सर्रास मिळतात. हे त्यांना सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मला माझं गाव दाखवायचं होतं ना.

मग मोबाइलवर शोधाशोध. एक पान सापडलं : पांढरं कुंपण, तुकतुकीत घोडे, डोक्यावर काळी हेल्मेटं, मागे सुरूची झाडं. ‘परदेशी पाहुण्यांसाठी खास बीच गॅलप.’ फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड की आमचा जावई इतका गोड बोलत नाही. सर काय, मॅडम काय, वेळ सांगा काय. सकाळची बॅच भरलेली, दुपारी तीन ते पाच मिळेल म्हणाला. हिशोब असा : माणशी ४,५०० प्रमाणे पाच जणांचे २२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,०५०, विमा माणशी ४९९ म्हणजे २,४९५ आणि परत मिळणारं डिपॉझिट माणशी २,००० म्हणजे १०,०००. एकूण ३९,०४५. तीन क्यूआर आले, तीन वेगवेगळ्या नावांचे. एक नाव ‘अकाउंट्सवाल्या मॅडम’चं, एक ‘विमावाल्या सरां’चं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, मी वेगळं काय सांगणार.

मी भरले. बुधवारी रात्री साडेनऊला, जेवणं झाल्यावर, ओटीवर बसून.

आता जे सांगतो ते आठवून अजून कानशिलं तापतात. पैसे भरता भरता मी आईला हाक मारून सांगितलं, “शनिवारी पाहुणे आणतोय, सुरमई करशील ना?” आई आतून म्हणाली, “अरे, शनिवारी संकष्टी! घरात मासे शिजायचे नाहीत. बाहेर जेवायला घाल त्यांना.” मी बरं म्हणालो आणि पिन टाकला.

संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आमच्याकडे हे पोराला पाढ्यांच्या आधी येतं. आजोबा मला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, न्यायचे तेव्हा चालता चालता विचारायचे, “आज सप्तमी, पाणी किती वाजता?” सव्वापाच! चार तीन बारा, भागिले चार, तीन. शनिवारी बरोबर तीन वाजता समुद्र भरलेला. पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस, म्हणजे भांगही (अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी) नाही, उधाणाचा जोर अजून उतरायचा. आणि आमच्या किनाऱ्याला आता धूपप्रतिबंधक बंधारा आहे, भरतीला लाटा थेट त्या दगडांवर आपटतात. तीन वाजता तिथे कोंबडी चालायला जागा नसते, पाच घोडे दौडवणार कुठे? ज्याचे खरोखर घोडे आहेत, ज्याला त्यांना ओल्या, घट्ट वाळूवर न्यायचंय, तो माणूस त्या दिवशी सकाळी नऊची ओहोटी सोडून दुपारी तीनची वेळ देईलच कशी?

तिथी आईने दिली, वेळ त्याने दिली, भागाकार माझा होता. तो केला नाही.

(हे बोलून दाखवल्यावर माझ्या मुलीने मोबाइल हातात घेतला आणि त्या पानावरचा फोटो दाखवला : ‘सनराइज बीच राइड’, समुद्रातून वर येणारा सूर्य. “बाबा, आपला समुद्र पश्चिमेला आहे ना?” ती सातवीत आहे.)

शनिवार. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडवा, तिथून गावाकडे. पाहुणे खूश, मीही खूश. जेवण एका खानावळीत, त्याचे पैसे या हिशोबात धरलेले नाहीत. पावणेतीनला ठरलेल्या जागी पोचलो. पांढरं कुंपण नाही, तबेला नाही. सुरूच्या बनात दोन घोडे आणि एक माणूस. समोर बंधाऱ्यावर पाणी आपटतंय, तुषार अंगावर येतायत.

पाच घोडे ठरले होते, आले दोन. त्यातल्या पांढऱ्याच्या कपाळावर वरातीचा चमकीचा गोंडा तसाच लटकलेला. जर्मन मुलीसाठी हेल्मेट म्हणून त्या माणसाने पिशवीतून जाळीवालं क्रिकेटचं हेल्मेट काढलं. जर्मन बाई काही बोलल्या नाहीत. सरळ तपकिरी घोड्याजवळ गेल्या, मानेवर हात ठेवला, मग वाकून खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, दोन बोटांनी उचलून पाहिला. खाली, पुढच्या पायाच्या मागे, तळहाताएवढी जागा सोललेली. त्यावर हळद थापलेली आणि वरून तंग पुन्हा आवळलेला. माश्या बसत होत्या. मग त्यांनी पुढचा पाय उचलला, नाल अंगठ्याने हलवला, तो हलला. पाय खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, यावर कोणी बसणार नाही. त्यांचा नवरा १०४ किलोचा. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर ओझं घालू नये, हे मला त्यांच्याकडून तेव्हा कळलं. त्या गोड माणसाने आमच्यापैकी कोणाचंही वजन विचारलं नव्हतं, आधी कधी बसलाय का तेही नाही. जिथे हे दोन प्रश्न विचारत नाहीत तिथे पैसे भरू नका.

घोडेवाल्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, “साहेब, मला फोनवर बाराशे सांगितलेत, दोन चक्कर मारून फोटो काढू द्यायचे म्हणून. ते पण अजून आले नाहीत. काल रात्री लग्नात होतो.” मी त्याला १,२०० दिले. बायको म्हणते कशाला दिले. न देऊन काय करणार होतो? पाहुणे बघत होते. आणि जखमेवर लावायच्या मलमाचं नाव जर्मन बाई त्याला मोबाइलवर दाखवत होत्या.

पुढचा भाग पटकन सांगतो. गाडीतून गोड माणसाला फोन लावला. त्याने माफी मागितली, डिपॉझिट आत्ता परत करतो म्हणाला, क्यूआर पाठवला, स्कॅन करा म्हणाला. मागे पाच जण बसलेले, मुलगी रडवेली, मला विषय तिथल्या तिथे संपवायचा होता. स्कॅन केला. पिन टाकला. १०,००० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत आहे, आईला मीच शिकवलंय. हसायचं असेल तर हसा.

रविवारी सकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला, बँकेने त्या चौथ्या क्यूआरच्या खात्यात उरलेले २,८०० गोठवले. बाकीचे रात्रीतच पुढे सरकले होते. शनिवारी गाडीतूनच केला असता तर कदाचित जास्त अडकले असते. तेव्हा लाज वाटत होती. लाज नंतर वाटू द्या, फोन आधी करा.

आता खरी गंमत. कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या साहेबांनी सगळं वाचलं आणि विचारलं, “घोडा आला होता ना?” आला होता. “तुम्ही बसला नाहीत.” नाही. “मग फसवणूक कुठे? सेवा दिली, तुम्ही घेतली नाहीत. हे दिवाणी आहे.” म्हटलं साहेब, पाचाचे दोन घोडे, खोटा विमा, खोटी पावती, न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पूर्वीचं ४२० म्हणतात ते. ते म्हणाले, “कलमं आम्हाला शिकवू नका. पैसे ऑनलाइन गेले ना? सायबरला जा.” सायबरला गेलो. तिथल्या मॅडमनी १०,००० घेतले, म्हणजे तक्रारीत घेतले. ३९,०४५ बद्दल म्हणाल्या, ते तुम्ही स्वखुशीने सेवेसाठी भरलेत, स्थानिक ठाण्यात द्या. परत स्थानिक ठाणं. या वेळी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला अर्जावर पोच मिळाली, तीही मी खुर्ची सोडली नाही म्हणून. सुट्ट्या तीन गेल्या.

ग्रामपंचायतीत विचारलं, आपल्या किनाऱ्यावर असा धंदा चालतो, परवाना कोण देतं? उत्तर : भरतीरेषेच्या खाली आमचं काही नाही, बंदर खात्याला विचारा. बंदर खात्याच्या माणसाने विचारलं, घोडे कुठे उभे होते? सुरूच्या बनात. मग ते भरतीरेषेच्या वर, ग्रामपंचायत. म्हणजे ओहोटीला फसलो असतो तर निदान एक खातं तरी मिळालं असतं! घोड्याच्या जखमेचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. गुरांच्या दवाखान्यात फोटो दाखवले. तिथले डॉक्टर भले होते, म्हणाले घोडा आणा, मलमपट्टी करतो. मी घोडा कुठून आणू?

पावतीकडे भरण्याआधी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या धंद्याचा २७ ने सुरू होतो. माझ्या पावतीवर २४, म्हणजे गुजरात, आणि अक्षरं चौदा. खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. विम्याचं म्हणाल तर पॉलिसी नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त ‘विमा समाविष्ट’. एकाच धंद्याचे पैसे तीन नावांवर मागितले की तिथेच फोन ठेवा. तबेल्याचा व्हिडिओ कॉल मागा. खरा तबेलेवाला लीद उचलतानासुद्धा कॅमेरा फिरवून दाखवेल, त्याला त्याच्या घोड्यांचं कौतुक असतं. मी मागितला होता, तर ‘नेटवर्क नाही सर’. आणि किनाऱ्यावरची स्वारी असेल तर तिथी बघा, कालनिर्णय भिंतीवर कशाला टांगलंय?

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील मित्र म्हणाला, टाक, पण नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवणार? पत्ता म्हणून त्या पानावर आमच्याच गावाचं नाव आणि ‘बीच रोड’ आहे. पोस्टमन माझ्या वर्गातला. नोटीस आलीच तर तो मलाच आणून देईल.

पाहुण्यांना मी खरा आकडा सांगितलेला नाही. डच गृहस्थ अर्धे पैसे देऊ म्हणाले, मी नको म्हणालो. बायकोच्या मते हाही मूर्खपणाच. असेल. जर्मन बाईंनी महालक्ष्मीला चौकशी केली आहे, मुलीला तिथे शिकवायचं म्हणतात.

परवा ते पान पुन्हा शोधलं. जुनं नाव गेलं, नवं आलं. फोटो तेच. दर ४,५०० चा ४,९९९ झालाय, विमा ‘मोफत’. समुद्रातून सूर्य अजून उगवतोच आहे.