चुलीच्या धुराड्याला काय लावावं? पाच महिन्यांनंतर सांगतो

नोव्हेंबरात मी दोघा-तिघांना धुराड्याच्या सांध्यातली फट बुजवायला लाल सिलिकॉनच (ट्यूबमधून येणारं, सुकल्यावर रबरासारखं होणारं लुकण) घ्या म्हणून सांगितलं होतं. ते मागे घेतो.

लोखंडी चूल उत्तम आहे. आंघोळीचं पाणी, रविवारचं मटण, सगळं तिच्यावर होतं. माझं भांडण आहे ते धुराड्याचा पाइप चुलीच्या माथ्यात शिरतो, त्या एका सांध्याशी.

डिसेंबरातली पहाट. नागपूरची थंडी म्हणून दारं बंद, आई चुलीपाशी बसलेली. डोकं जड झालं म्हणाली. धूर तर दिसत नव्हता. टॉर्च धरली तर सिलिकॉन भुसभुशीत, नखाने सुटून येत होतं, मागे काजळीची रेघ. पाइप थंड असताना धूर वर खेचणारी ओढ कमी असते, वायू फटीतून घरात येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आईला लगेच अंगणात नेलं.

लाल सिलिकॉन सतत साधारण २६० अंशांपर्यंतच टिकतं. बाभळीच्या लाकडावर हा सांधा त्याच्या पुढे जातो.

मग इतवारीच्या बाजारात एकाने दुसऱ्या लुकणाची ट्यूब दिली. "भाऊ, फायर-रेटेड आहे, काईच होत नाही." साडेचारशे रुपये वाया गेले. फायर-रेटेड माल भिंतीतल्या वायरी-पाइपांच्या भोकांत भरायचा, आग लागलीच तर पलीकडे जाऊ नये म्हणून. रोज तापणाऱ्या लोखंडाचं ते कामच नाही. उघडलेली ट्यूब परत घेईना, याचा राग अजून आहे.

शेवटी फायर सिमेंट, म्हणजे चुली-भट्ट्यांच्या सांध्यांत भरायचं लुकण आणलं, १२५० अंशांपर्यंत टिकणारं. लावून त्याच संध्याकाळी चूल पेटवली आणि त्यावर पापडासारखे फुगे आले. आतलं पाणी सुकलंच नव्हतं. खरवडून पुन्हा लावलं, एक दिवस सुकू दिलं, मग तीन दिवस नुसत्या काटक्यांचा जाळ. महिनाभराने तरी केसाएवढी चीर पडली. सिमेंट वाईट म्हणणार होतो, पण चूक माझी होती. मीटरभर लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटर लांबतो. सिमेंट ताणलं जात नाही, तडकतं.

म्हणून पाइपला हलायला जागा राहावी यासाठी आधी सिरॅमिक फायबरची (ताप सोसणाऱ्या तंतूंची) दोरी स्क्रू-ड्रायव्हरने फटीत ठासली, वरून सिमेंटचा पातळ थर दिला. ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सिरॅमिकची हाताळतानाही हातमोजे आणि मास्क घालाच, तिचे तंतू खाजवतात आणि छातीतही जातात.

फेब्रुवारीपासून चूल पेटल्यावर सांध्याभोवती अगरबत्ती फिरवतो. धूर कुठेच आत ओढला जात नाही. पाइपच्या वरच्या, कमी तापणाऱ्या सांध्यांवर लाल सिलिकॉन तसंच ठेवलंय, तिथे ते छान टिकलंय. आई बसते तिथली खिडकी मात्र आता थंडीतही उघडी असते.