सुपरहिरो चित्रपटांची उतरंड : पहिले आठ, आणि दाराबाहेर राहिलेले

सुपरहिरो चित्रपटांच्या याद्या बहुतेक वेळा गल्ल्यावर किंवा पात्राच्या लोकप्रियतेवर लागतात. ही यादी तीन प्रश्नांवर लावली आहे. ताकद वापरताना नायकाला काही मोजावं लागतं का? मारामारीत कोण कुठे आहे हे कळतं का? आणि शेवटचा अर्धा तास चित्रपट तग धरतो का? या प्रकारातले निम्म्याहून अधिक चित्रपट तिसऱ्या प्रश्नावर गारद होतात. दीड तास माणसांची गोष्ट चालते, मग आकाशाला भोक पडतं, त्यातून करड्या रंगाचं काहीतरी खाली येतं आणि इमारती कोसळत राहतात.

पहिला नंबर सॅम रायमीच्या 'स्पायडर-मॅन २'चा (२००४). वीस वर्षं उलटली तरी त्याला खाली ओढेल असं काही आलेलं नाही. कारण साधं आहे: इथे ताकदीचा हिशेब रोजच्या जगण्यात होतो. पीटर पार्करला पिझ्झा वेळेत पोचवता येत नाही म्हणून नोकरी जाते, भाडं थकतं, वर्गाला उशीर होतो, मैत्रीण मेरी जेनचं नाटक चुकतं. पटकथा हे सगळं पहिल्या वीसेक मिनिटांत उरकते आणि मग पुढचं पाऊल टाकते, ते म्हणजे ताकदच जायला लागते. हवेत झोका घेताना जाळं सुटत नाही, भिंतीवर हात चिकटत नाहीत, चष्मा परत लागतो. सुपरहिरो पोशाखात लिफ्टने खाली येतो आणि शेजारी उभा असलेला माणूस पोशाखाची चौकशी करतो, हा प्रसंग विनोदी आहे, पण पटकथेच्या दृष्टीने तो त्या घसरणीचाच एक टप्पा आहे.

खलनायकही त्याच तराजूत तोललेला. डॉक्टर ऑक्टोपसच्या मानेमागची नियंत्रक चिप जळते आणि चार यांत्रिक हात त्याच्या डोक्यात बोलू लागतात. आल्फ्रेड मोलिनाच्या पाठीवरचे ते हात अनेक दृश्यांत कठपुतळीकारांनी प्रत्यक्ष हलवले आहेत. म्हणूनच तो त्यांच्याकडे बघून बोलतो तेव्हा नजर नेमक्या जागी पडते. शस्त्रक्रियेच्या खोलीतला हल्ला मुद्दाम परत बघा. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, फक्त किंकाळ्या, करवतीचा आवाज आणि जमिनीवर ओरखडे काढत मागे खेचली जाणारी नखं. रायमी मूळचा भयपटवाला आहे हे इथे उघड होतं.

आगगाडीचा प्रसंग तर दुसऱ्या प्रश्नाचं आदर्श उत्तर आहे. गाडी एका दिशेने धावते, ती दिशा कधी बदलत नाही, आणि छत, बाजू, डबा या तीनच जागांत भांडण फिरतं. त्यामुळे कितीही वेगाने दृश्यं कापली तरी प्रेक्षक हरवत नाही. गाडी थांबवण्याची किंमतही डोळ्यांसमोर वाढत जाते. मुखवटा आधीच उतरलेला, पाय रुळांवरच्या फळ्या तोडत जातात, ते फसल्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळ्यांचे दोर लागतात, पोशाख फाटतो आणि शेवटी शुद्ध हरपते. दोष आहेतच. मे काकूंचं भाषण लांबलंय आणि मेरी जेनला शेवटी पुन्हा ओलीसच व्हावं लागतं. तरी अखेरचा निर्णय ठोशाने होत नाही, खलनायक स्वतः घेतो. दृश्य परिणामांचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं ते योग्यच. '२.१' नावाची वाढीव आवृत्ती आठ मिनिटांनी लांब आहे. तिच्यात वर्तमानपत्राचा संपादक जेमसन स्पायडर-मॅनचा पोशाख चढवून टेबलावर नाचतो. गंमत म्हणून ठीक, पण पहिल्यांदा बघताना १२७ मिनिटांचीच आवृत्ती घ्या. आधीचा भाग राहिला असेल तरी अडत नाही, कारण सुरुवातीच्या श्रेयनामावलीतली अ‍ॅलेक्स रॉसची चित्रं मागची गोष्ट सांगून टाकतात.

दुसरा 'स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८). हा बघण्याआधी टीव्हीची सेटिंग उघडा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. वेगवेगळ्या कंपन्या तिला 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो' अशी नावं देतात. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. हे नुसतं शौकीन मंडळींचं खूळ नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण इथे बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दोन चौकटी धरून ठेवलंय, म्हणजे सेकंदाला प्रत्यक्षात १२ चित्रं. जंगलात झोके घेण्याच्या प्रसंगात नुकताच स्पायडर-मॅन झालेला शाळकरी माइल्स १२ चित्रांवर अडखळतो आणि शेजारचा मुरलेला पीटर २४वर सरळ वाहतो. माइल्सला जमायला लागतं तशी त्याचीही हालचाल सलग होत जाते. म्हणजे शिकणं संवादात नाही, चौकटींच्या संख्येत आहे. टीव्हीने मधल्या चौकटी स्वतः बनवून भरल्या की हा सगळा खेळ पुसला जातो आणि उरतो तो गचके खाणारा प्लास्टिकपट.

बाकीची कारागिरीही कॉमिक्सच्या छपाईतून उचललेली आहे. सावल्यांत ठिपके आणि तिरप्या रेघा आहेत. कॅमेऱ्याच्या भिंगासारखा धूसरपणा वापरण्याऐवजी लांबच्या वस्तूंचे रंग एकमेकांवरून सरकवलेत, जशी छापखान्यात एका रंगाची प्लेट हलावी. कोळी चावल्यानंतर माइल्सचे विचार चौकोनात लिहून येऊ लागतात. आणि ती उडी! माइल्स काच सोडतो तेव्हा बोटं अजून चिकटलेली असतात, म्हणून काच फुटते. भीती गेलेली नाही, तरी उडी मारलीय. मग चित्र उलटं होतं आणि खाली पडणारा मुलगा वर चढताना दिसतो. शेवटची यंत्रातली लढाई मात्र रंगांनी इतकी भरली आहे की मध्ये दोन-तीन मिनिटं नुसती डोळ्यांवर चालून येते. पहिला नंबर त्या दोन-तीन मिनिटांनी घालवला.

तिसऱ्या जागेवर 'द डार्क नाइट' (२००८), आणि इथे वाद होणार. अनेकांच्या यादीत तो निर्विवाद पहिला असतो. जोकर झालेल्या हीथ लेजरबद्दल वाद नाहीच. त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं आणि चौकशीच्या खोलीतला प्रसंग बघितला की आणखी काही बोलायची गरज राहत नाही. टेबलावरच्या दिव्याचा तेवढा उजेड, बाकी काळोख. मग झटक्यात सगळे दिवे लागतात आणि जोकरच्या मागे बॅटमॅन उभा. पुढे जितकं मारावं तितका मारणाराच हरत जातो. जोकरसाठीचं संगीत म्हणजे चेलोचा एकच स्वर, असह्य होईपर्यंत ताणत नेलेला. अठरा चाकी ट्रक खऱ्या रस्त्यावर खराच उलटवलाय, त्यामुळे त्याचं वजन जाणवतं. आधीच्या 'बॅटमॅन'मध्ये (१९८९) रबरी टोपामुळे मायकेल कीटनला मान वळवता येत नव्हती, पूर्ण धड फिरवावं लागे. इथला ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, नव्या पोशाखात मान वळवता यावी म्हणून रीतसर मागणी करतो. जुन्या दुखण्यावरचा तो मिश्कील शेरा आहे.

मग तिसरा का? दुसऱ्या प्रश्नामुळे. भुयारी रस्त्यावरच्या पाठलागात कोणती गाडी कोणत्या बाजूने आली हे अधूनमधून निसटतं. शेवटच्या इमारतीत विदूषकांच्या मुखवट्यांत ओलीस आणि डॉक्टरांच्या कपड्यांत गुंड, ही कल्पना फक्कड आहे, पण निळ्या ध्वनिलहरींच्या चित्रात ती वाया जाते. घरी बघताना काही प्रसंगांत वरखालच्या काळ्या पट्ट्या जाऊन चित्र पूर्ण पडदाभर झालं तर टीव्ही बिघडलेला नाही. ते भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित केलेत. स्ट्रीमिंगवर बहुधा हा बदल दिसत नाही, ब्लू-रेवर दिसतो.

'द इन्क्रेडिबल्स' (२००४) चौथा, आणि या आठांत सर्वात कमी चुका असलेला. ब्रॅड बर्डने प्रत्येकाची ताकद घरातल्या भूमिकेवरून बेतली आहे: बाप बलदंड, आई सगळीकडे ताणली जाणारी, बुजरी मुलगी अदृश्य होणारी, मुलगा क्षणभरही एका जागी न टिकणारा. सुपरहिरोंचे पोशाख बनवणारी एडना मोड पाठीवरच्या केपविरुद्ध अपघातांची यादी वाचते, कुणी विमानाच्या टर्बाइनमध्ये, कुणी लिफ्टमध्ये अडकलेला. हशा पिकतो आणि खलनायक कसा मरणार हेही तिथेच सांगून होतं. पटकथा शिकणाऱ्याने हा एक प्रसंग उतरवून काढावा.

'सुपरमॅन' (१९७८) पाचवा, तोही जवळजवळ एकट्या ख्रिस्तोफर रीव्हच्या जोरावर. मैत्रीण लोइसच्या घरी क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, चष्मा काढतो, पाठीचा कणा सरळ होतो, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. मग धीर सुटतो आणि तोच माणूस पुन्हा आक्रसतो. कट नाही, मेकअप नाही. चष्म्याने ओळख कशी लपते, या जुन्या टिंगलीला याहून चोख उत्तर नाही. पण पृथ्वीभोवती उलटं फिरून काळ मागे नेण्याचा शेवट पहिल्या प्रश्नाला सरळ लाथ मारतो. जे हवं ते फुकट परत मिळणार असेल तर आधीच्या दोन तासांतल्या रडण्याला अर्थ काय? तो शेवट नसता तर हा तिसरा असता.

'लोगन' (२०१७) सहावा. किमतीचा प्रश्न इथे शरीरावरच लिहिलाय. नखं पूर्ण बाहेर येत नाहीत, जखमा भरत नाहीत, ज्या धातूने तो अजिंक्य झाला त्याचंच विष भिनतंय. मनाच्या ताकदीने आसपासच्यांना खिळवून टाकणाऱ्या म्हाताऱ्या चार्ल्सला झटका आल्यावर, जागच्या जागी खिळलेल्या हॉटेलात लोगन भिंतींत नखं रोवत एकेक पाऊल पुढे सरकतो, तो प्रसंग थकवणारा आहे आणि थकवायलाच हवा. क्लोनची कल्पना मात्र भरताड. कृष्णधवल 'नॉयर' आवृत्ती दुसऱ्यांदा बघताना घ्या.

सातवा 'मिन्नल मुरळी' (२०२१). बॅझिल जोसेफच्या या मल्याळम चित्रपटात एकाच रात्री दोघांवर वीज पडते, एक शिंपी आणि एक चहाच्या दुकानात राबणारा. गोष्ट गावाबाहेर जात नाही, म्हणून धोका खरा वाटतो. गुरू सोमसुंदरमचा शिबू तर नायकाला झाकोळून टाकतो. त्याला गावाने थोडी माणुसकी दाखवली असती तर खलनायक उरलाच नसता. मध्यंतरानंतर पंधरा मिनिटं कापायला हवी होती. मूळ आवाजात, सबटायटल लावून बघा. डबिंगमध्ये शिबूची अर्धी मजा जाते.

आठवा 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर' (२०१४), तो लिफ्टसाठी. दर मजल्याला दोन-चार माणसं आत येतात, कुणाच्या कपाळावर घाम, कुणाचा हात हत्याराशी. मारामारी सुरू होण्याआधीच ती कळलेली असते. शेवटी तीन तरंगती जहाजं पडतात आणि तो नेहमीचा अर्धा तास सुरू होतो.

आता दाराबाहेरचे. 'ब्लॅक पँथर'ला (२०१८) वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी तीन ऑस्कर मिळाली, तिन्ही रास्त. धबधब्यावरचं द्वंद्वही जोरदार. पण शेवटी बोगद्यात गाडी गेली की पोशाखांची ताकद जाते, ही उत्तम कल्पना रबरी दिसणाऱ्या संगणकी बाहुल्यांनी बुडवली. 'अव्हेंजर्स : एंडगेम' (२०१९) १८१ मिनिटांचा. पहिला तास पराभवाबद्दल आहे आणि तोच सर्वोत्तम, शेवटची लढाई धुळकट उजेडात कोण कुठे ते कळत नाही. शिवाय आधीचे डझनभर चित्रपट बघितल्याशिवाय तो उभाच राहत नाही. झॅक स्नायडरची 'जस्टिस लीग' (२०२१) चार तासांहून लांब आणि जवळजवळ चौकोनी चित्रात आहे. २०१७च्या आवृत्तीपेक्षा पुष्कळ बरी, पण संथ चालीची दृश्यं नेहमीच्या वेगाने लावली तर बराच वेळ वाचेल. आणि 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) चित्रकलेत पहिल्या भागालाही मागे टाकतो. पण तो ऐन वळणावर थांबतो, आणि शेवट हातात नसलेल्या चित्रपटाला तिसरा प्रश्न विचारणार कसा? पुढचा भाग येईतोवर त्याची जागा रिकामी.