'ड्रॅगन एज': 'ओरिजिन्स' की दुसरा भाग?

'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेम मालिकेतल्या 'ड्रॅगन एज २' (2011) ला पडलेल्या शिव्या वाचून अनेकजण अडतात: हा घ्यावा, की पहिला भाग 'ओरिजिन्स' (2009) च बरा?

नकाशांवरची टीका शंभर टक्के खरी. तीच गुहा, तेच गोदाम; एखादं दार बंद करून पुन्हा पुढे केलेलं, आणि मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) ती बंद वाट दिसतेच! 'ओरिजिन्स'मधल्या जागा वेगवेगळ्या, पण डीप रोड्स हे जमिनीखालचे बोगदे संपता संपत नाहीत.

लढाईत 'ओरिजिन्स' पुढे. पीसीवर कॅमेरा उंच नेऊन, गेम थांबवून डाव आखता येतो. दुसऱ्या भागात कॅमेरा तेवढा वर जात नाही, त्यात शत्रूंच्या नव्या तुकड्या मागून टपकतात आणि मागे उभा केलेला जादूगार आधी आडवा होतो. मात्र 'नाइटमेअर' ही सर्वात अवघड पातळी सोडली तर आपल्याच फायरबॉलने आपली माणसं भाजत नाहीत.

सोबत्यांत दुसरा भाग सरस. 'ओरिजिन्स'मध्ये भेटवस्तू देऊन मर्जी संपादता येते. दुसऱ्या भागात भांडून 'रायव्हलरी' (वैर) भरली तरी नातं पक्कं होतं. मैत्री-रायव्हलरीचा मीटर मधेच लोंबकळला तर दुसऱ्या अंकात गेलेली सोबतीण इझाबेला परतत नाही (रसभंगाबद्दल माफी).

डावपेच हवे असतील तर 'ओरिजिन्स'. माणसं आणि संवाद हवे असतील तर दुसरा भाग, तोही 'नॉर्मल' पातळीवर, फुटकळ क्वेस्ट (कामगिऱ्या) सोडून.