कार्बन तटस्थतेचे तीन मार्ग: किंमत, सवलत की कारखाने?

युरोपीय संघाने २०५०, चीनने २०६० आणि भारताने २०७० हे वर्ष कार्बन तटस्थतेसाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडला जाईल तेवढाच शोषला जाण्यासाठी, जाहीर केले आहे. मात्र कोणत्या देशाचा मार्ग अनुकरणीय आहे हे ठरवू पाहणाऱ्याने ही वर्षे बाजूला ठेवून दोन प्रश्न आधी विचारावेत: बदलाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, आणि सरकार बदलल्यावर धोरण टिकते का?

युरोपने प्रदूषणाला किंमत लावली. २००५ पासून तेथे उत्सर्जन परवान्यांचा बाजार चालतो. वीज केंद्रे आणि मोठे कारखाने यांच्या एकूण उत्सर्जनाला कमाल मर्यादा असते, ती दरवर्षी खाली आणली जाते आणि प्रत्येक टनामागे एक परवाना सरकारजमा करावा लागतो. ज्याच्याकडे परवाने उरतात तो ते विकू शकतो. ही यंत्रणा आज आदर्श म्हणून दाखवली जाते, पण तिची पहिली दहा-बारा वर्षे फारशी अभिमानास्पद नव्हती. २००८ च्या मंदीनंतर उत्पादन घटले, परवाने उदंड झाले आणि त्यांचा भाव कित्येक वर्षे १० युरोच्याही खाली घुटमळत राहिला. जादा परवाने बाजारातून काढून घेण्याची व्यवस्था २०१९ मध्ये सुरू झाल्यावर भाव चढला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने १०० युरोंची पातळी ओलांडली. युरोपीय आयोगाच्या हिशेबाने १९९० ते २०२३ या काळात संघाचे निव्वळ उत्सर्जन ३७ टक्क्यांनी घटले आणि अर्थव्यवस्था ६८ टक्क्यांनी वाढली. यात १९९० हे आधारवर्ष सोयीचे ठरले, हेही नमूद केले पाहिजे. पूर्व युरोपातील जुनाट कारखाने त्यानंतरच्या दशकात तसेही बंद पडत गेले.

अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर अशी किंमत लावण्याचे विधेयक २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडकले. त्यामुळे ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेसाठी करसवलतींची वाट धरली. सवलत मतदाराला बोचत नाही आणि गुंतवणूकही लवकर आणते, पण तिचा बोजा तिजोरीवर पडतो आणि नवे सरकार ती एका कायद्याने मागे घेऊ शकते. जुलै २०२५ मध्ये नेमके तेच घडले. विजेवरच्या नव्या मोटारीची ७,५०० डॉलरपर्यंतची सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तर सौर व पवन प्रकल्पांच्या सवलतींना जवळच्या मुदती लागल्या. वीस वर्षांचा हिशेब मांडून प्रकल्प उभारणाऱ्यासाठी, माझ्या मते, तिन्हींत हाच मार्ग सर्वांत बेभरवशाचा आहे.

चीनने आधी कारखाने उभारले. पवन व सौर मिळून १,२०० गिगावॉट क्षमतेचे २०३० साठीचे उद्दिष्ट त्याने २०२४ मध्येच, सहा वर्षे आधी गाठले, आणि सौर पॅनेलच्या जागतिक किमती खाली आणण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. तरीही जगात वापरल्या जाणाऱ्या कोळशापैकी निम्म्याहून अधिक कोळसा एकट्या चीनमध्ये जातो आणि कोळशावरची नवी वीज केंद्रे बांधणे थांबलेले नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या परवाना बाजारात मर्यादा एकूण उत्सर्जनावर नसून दर एकक उत्पादनामागे ठरते, म्हणजे कार्यक्षमता वाढूनही एकूण धूर वाढू शकतो.

भारताने तिन्हींतून थोडे थोडे उचलले आहे. स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा करण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच साध्य झाले; मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्माण झालेले युनिट यांत गल्लत करू नये, कारण विजेचा मोठा भाग अजून कोळशावरच तयार होतो. २०२३ मध्ये अधिसूचित झालेली आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना चीनसारखीच दर एकक उत्पादनामागच्या उत्सर्जनावर आधारलेली आहे. वाढत्या विजेच्या गरजेत आज एकूण मर्यादा लादणे अवघड आहे, हे मान्य. पण ती कधी येणार हे सांगणारे वेळापत्रक आताच जाहीर झाले, तर उद्योगांना वळण घेता येईल. उत्पादन वाढवण्याची चिकाटी चीनकडून घ्यावी, पण धोरणाचा कणा युरोपसारखी किंमत हाच असावा, असे मला वाटते.

यामागे रोकडे कारणही आहे. जानेवारी २०२६ पासून युरोपच्या सीमेवर पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर कार्बनची आकारणी लागू झाली असून त्यात पोलादी नट-बोल्टही येतात. या आकारणीची प्रमाणपत्रे तेथील आयातदार विकत घेतो, पण त्याचा दबाव भोसरी-चाकणच्या पुरवठादाराच्या दरावर येतो. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बन किंमत या आकारणीतून वजा होते, म्हणजे आपण ती लावली नाही तर तोच पैसा ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, व्यवस्थेत जातो. अशा पुरवठादाराने दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहता इंधन आणि कच्च्या पोलादाच्या उत्सर्जनाची पडताळणीयोग्य नोंद आजच ठेवू लागावे. ती नसेल तर त्याच्या मालाला युरोपने ठरवलेला आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो.