'फर्स्ट लव्ह' की 'फँतोम'?

जपानी गायक-गीतकार उतादा हिकारू यांचा कोणता अल्बम आधी ऐकावा, यावर चाहत्यांचं एकमत होणं कठीण. 1999 मध्ये 'फर्स्ट लव्ह' आला तेव्हा वय अवघं 16. जपानमध्ये त्याच्या 75 लाखांहून जास्त प्रती खपल्या. तिथल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमचा तो विक्रम अजून अबाधित आहे. त्यातल्या 'ऑटोमॅटिक' गाण्याचा आर अँड बी ठेका पहिल्याच फटक्यात पकडतो. शीर्षकगीतात शेवटच्या चुंबनाला सिगारेटची चव आहे, आणि सोळाव्या वर्षी हे सुचावं याचं जुन्या श्रोत्यांना आजही अप्रूप. तक्रार एवढीच, की मधली काही गाणी भरतीची वाटतात. मलाही ती पटते.

2016 चा 'फँतोम' मात्र सावकाश चढतो. मोठ्या विश्रांतीनंतरचा हा अल्बम. मधल्या काळात, 2013 मध्ये, उतादांची आई गेली. एन्का, म्हणजे जपानी भावगीतांच्या एका जुन्या ढंगाच्या, गायिका फुजी केइको. 'हानाताबा ओ किमी नी' हे वरवर जपानी टीव्हीवरच्या सकाळच्या मालिकेचं प्रसन्न शीर्षकगीत, पण तो आईचा निरोप आहे हे कळलं की तेच सूर जड होतात. काहींना अल्बम फार उदास वाटतो. वाटू दे. एकट्यानं हेडफोन लावून ऐकायचा तर मी डोळे झाकून 'फँतोम' घेईन. चार जणांत, गाडीत लावायला 'फर्स्ट लव्ह'च बरा.