‘ओरिजिनल विंडोज 11, लाइफटाइम’ : साडेचार हजारांत काय मिळालं

बाबांच्या कॉम्प्युटरवर सोसायटीचा सगळा हिशेब असतो. 2017 मध्ये घेतलेलं ब्रँडेड मशीन, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, विंडोज 10 होम कंपनीकडूनच आलेलं. 2025 च्या दिवाळीआधी दुकानदाराने त्यांना घाबरवलं, "काका, 14 ऑक्टोबरनंतर मशीन चालूच होणार नाही. ओरिजिनल अकरा प्रो टाकून देतो, लाइफटाइम. साडेचार हजार."

पहिली थाप इथेच. त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला, म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले. मशीन बंद पडायचा प्रश्नच नव्हता. दुसरं म्हणजे, ज्याच्याकडे खरं विंडोज 10 आहे आणि मशीन चालण्याजोगं आहे, त्याला 11 वर जायला एक पैसा लागत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच ते मिळतं. आणि बाबांचं मशीन चालण्याजोगं नव्हतंच! 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप किंवा तशी सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. दुकानदाराने ही तपासणी चुकवून इन्स्टॉल केलं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी पैसे मोजले, त्यांचाच भरवसा नाही.

मला शंका आली ती बिल बघून. त्यावर विंडोजचं नावच नव्हतं, नुसतं ‘सर्व्हिस चार्जेस’. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. आता मी सांगतो ती अक्षरं टाइप करा : एस, एल, एम, जी, आर, मग स्पेस, तिरकी रेघ, एक्स, पी, आर." एंटर मारल्यावर छोटी चौकट आली. खऱ्या लायसन्सला तिथे कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं असतं. आमच्याकडे ‘व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन’ आणि पुढे मुदत संपायची तारीख! मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कसाठी असलेली ही सोय, 180 दिवसांची. नकली टूल ती घरच्या मशीनवर फसवून चालवतं आणि मुदत संपत आली की गुपचूप वाढवत राहतं. हेच ते ‘लाइफटाइम’.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. विंडोज सिक्युरिटीत एक्सक्लूजनची यादी उघडली, तर सी ड्राइव्हमधलं एक फोल्डर अँटिव्हायरसने तपासूच नये असं सांगून ठेवलेलं. आत ते टूल. दुसऱ्याने आणून टाकलेली फाइल, तिला घरात मोकळं रान, आणि त्याच मशीनवरून बाबा सोसायटीचं नेट बँकिंग करत होते. पासवर्ड त्याच रात्री बदलले, अर्थात माझ्या फोनवरून.

दुकानात गेलो तर उत्तर तयार, "साहेब, सगळीकडे हेच टाकतात." मी नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा 1915 नंबर फिरवायला घेतला तेव्हा दोन हजार हातावर ठेवले. बाकीची म्हणे मजुरी. बिलात सॉफ्टवेअरचं नाव लिहून घेतलं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं, हे मात्र खरं.

गंमत म्हणजे त्याने पुसून टाकलेलं विंडोज 10 होम अस्सल होतं. अशा ब्रँडेड मशीनची ‘की’, म्हणजे लायसन्सचा नंबर, मदरबोर्डमध्येच असते. भाच्याने सगळी डिस्क फॉरमॅट करून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं 10 होम टाकलं. नेट जोडताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं, ‘की’ विचारलीसुद्धा नाही. मग 22एच2 (विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती) पर्यंतचे अपडेट घेऊन विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्या, त्यामुळे त्याचेही पैसे पडले नाहीत. ही सोय 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे. तोवर नवीन मशीनसाठी पैसे बाजूला काढायला सोसायटीच्या हिशेबातून बाबांना जरा फुरसत मिळाली तर बरं.