नवी डिस्क, तीच थरथर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्रेकची ही डिस्क-पॅडची जोडी बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आता तीन देतोय, आणि त्यात डिस्कचा दोष फार कमी आहे.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. दुखणं नेहमीचंच. एक्स्प्रेसवेला नव्वदच्या वर असताना हलका ब्रेक लावला की स्टेअरिंग हातात थरथरायचं, वेग चाळीसच्या खाली आला की गप्प. ब्रेक न लावताच थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, डिस्कच्या मागे लागू नका. स्टेअरिंग शांत आणि सीट-पेडल हलत असेल तर संशय मागच्या ड्रमवर. रिकाम्या रस्त्यावर बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हळू ओढला की खात्री पटते. आमचं पुढचंच होतं.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. अॅडव्हायझरने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "सर, डिस्क बेंड झाल्यात. दोन्ही बाजू आणि पॅड, सगळं चेंज."

"किती बेंड?"

"सर, हाताला लागतंय ना तुमच्या!"

यावर काय बोलणार? साडेनऊ हजार मोजले. जुन्या डिस्क मात्र मागून घेतल्या. पैसे माझे, लोखंडही माझंच. नव्या डिस्कवर गाडी छान चालली. पावसाळ्यात कोकण झालं, ताम्हिणी उतरलो, कुठे तक्रार नाही. आणि साताऱ्याहून परत येताना खंबाटकीच्या पुढे तीच थरथर. आधी बारीक, महिन्याभरात पहिल्यासारखी.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयार होतं: "घाटात ब्रेक जास्त वापरता तुम्ही." म्हणजे पुन्हा साडेनऊ हजार. मी गाडी उचलली आणि सोसायटीतल्या काकांना गाठलं. काका चिंचवडच्या एका टूलरूममधून निवृत्त झालेत. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "डायल कुणी लावला होता का?"

डायल म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र. कुणीच नव्हता लावला. माझा सगळा राग इथे आहे. साडेनऊ हजारांचं काम, आणि मोजमाप शून्य.

रविवारी चाक काढलं. डिस्क हबवर (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो फिरणारा भाग) घट्ट बसावी म्हणून वॉशर घालून नट परत आवळले, डायलचा मॅग्नेटिक स्टँड नकलला (हबला धरणारा, चाकाबरोबर न फिरणारा भाग) चिकटवला, डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत टेकवलं आणि हाताने डिस्क हळूहळू फिरवली. डावीकडे काटा 0.03 मिमी हलला. उजवीकडे 0.11. बहुतेक गाड्यांना 0.05 ते 0.10 च्या वर चालत नाही. काकांनी खडूने खूण केली आणि म्हणाले, "आता डिस्क काढ, खाली बघू."

डिस्कमधल्या आटे असलेल्या दोन भोकांत बोल्ट घालून आवळले तशी ती सुटली. हबच्या तोंडावर, स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या) मुळाशी, गंजाचे लाल पापुद्रे. नवी डिस्क त्यावर तशीच चढवलेली! हबवरचा 0.03 चा पापुद्रा बाहेर डिस्कच्या कडेला दीडपट-पावणेदोनपट होऊन दिसतो. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, फडक्याने पुसून डिस्क परत लावली: 0.06. एक स्टड पुढे सरकवून लावली: 0.03. पाच रुपयांचा पॉलिश पेपर.

मग थरथर लगेच का आली नाही? हे मला काकांनीच समजावलं. डिस्क जरा डुलत फिरली तरी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर सरकून तिला साथ देतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो. काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी बदलते, झिजून किंवा पॅडचा थर बसून. 0.02 मिमीचा फरकही स्टेअरिंगला कळतो, आणि आपला केस त्याच्या तिप्पट जाड असतो. म्हणून पहिल्या आठवड्याच्या रिव्ह्यूंना काडीची किंमत देऊ नका. घाटाचा दोष नाहीच असं नाही. बोरघाट उतरून डिस्क तापलेली असताना खालापूर टोलच्या रांगेत पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. मी आता हँडब्रेकवर थांबतो.

उजव्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजली, 0.02 चा फरक निघाला. भोसरीत लेथवर हलकं टर्निंग करून, म्हणजे वरचा थर किंचित तासून घेतलं, पॅड काचेवर पेपर ठेवून घासले. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत बरेच ब्रेक मारले, पूर्ण न थांबता, आणि शेवटी ब्रेक न लावता गाडी थंड होऊ दिली. त्यानंतर दोन वेळा मुंबई झाली, स्टेअरिंग जागचं हललेलं नाही.

आता चाकाचे नट आवळायची गन. पंक्चरवाला, टायरवाला, सर्व्हिस सेंटर, सगळ्यांच्या हातात ती कडकड करणारी गन! आमच्या मॅन्युअलात नट 85 न्यूटन-मीटरला आवळायचे लिहिलंय. गन कुणाला 85 सांगते? एक नट जास्त, एक कमी आवळला की डिस्कचा मधला भाग ओढला जातो आणि डुलणं परत सुरू. मी अडीच हजारांचा टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरवलेल्या जोराने नट आवळता येतो असा पाना. पंक्चर काढलं की नट हाताने लावायला सांगतो, आणि मग मी स्वतः समोरासमोरच्या जोड्या धरून आवळतो. टायरवाला हसतो. हसू दे. बायको म्हणते हे आता जरा जास्त होतंय. असेल. साडेनऊ हजार तिने भरले नव्हते.

जुन्या डिस्कचं सांगायचं राहिलं. काकांनी एक सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर ठेवून पाहिली, 0.05 चा फीलर (मोजायची पातळ पट्टी) कुठेच आत शिरेना. जिला बेंड म्हणून काढलं ती वाकलेली नव्हतीच. फक्त जाडीत फरक होता, आणि कडेला कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अजून बरंच मटेरियल शिल्लक होतं. दोन्ही टर्निंग करून, तेल लावून माळ्यावर ठेवल्यात. पुढच्या वेळी त्याच बसवणार.